आरतीचा मान

"आज आरतीचा मान तुमचा," सोसायटीचे सेक्रेटरी दारातूनच म्हणाले. "फक्त ओजसला मांडवात आणू नका. मध्येच ओरडतो, लोकांना आवडत नाही. बाकी तुमची माणसं आणा हवी तेवढी."

सुचेतानं मान हलवली. मुलगा चालणार-बोलणार नाही हे कळलं, तशी तिची माणसं एकेक करून गळाली होती. सेक्रेटरींना ते ठाऊक होतं. गेल्या गणपतीत असंच ऐकून ती नळ सोडून रडली होती. यंदा तिनं अशाच मुलांच्या आयांच्या ग्रुपवर एक ओळ टाकली.

संध्याकाळी मांडवासमोर रिक्षांमागून रिक्षा थांबल्या. कुणी मुलाला कडेवर घेतलेलं, कुणी व्हीलचेअर ढकलत, सगळ्या जणी थेट पहिल्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

सेक्रेटरी धावत आले. "वहिनी, हे काय?"

"माझी माणसं. हवी तेवढी आणा म्हणालात ना?" तिनं सावकाश निरांजन लावलं. "ओजसला मात्र आणलं नाही. तुमचा शब्द मोडला नाही मी."

आरती रंगात आली आणि वरच्या गॅलरीतून, बाबांच्या कडेवरून, ओजस ओरडला. खालून एका मुलीनं ओरडून त्याला उत्तर दिलं, मग दुसऱ्या मुलानं, मग सगळ्यांनीच. आरती संपली तरी मुलं थांबेनात, आणि एकाही आईनं कुणाला गप्प केलं नाही.

सेक्रेटरी दोन्ही हात कानांवर दाबून उभे होते. सुचेता तबक घेऊन आधी त्यांच्यापुढेच गेली. "घ्या आरती," म्हणाली, आणि त्यांनी कानांवरचे हात काढेपर्यंत तिथून हलली नाही.