डोळे मिटलेला फोटो

“नवरी नको. ती काप,” हेमंत म्हणाला.

गोपीनाथचा हात माऊसवरच थांबला. बरखेड्याच्या बाजारातल्या त्याच्या स्टुडिओत लग्नाच्या डीव्हीडीतून फोटो काढून घ्यायला बरेच लोक येत. कोणाला वारलेले आजोबा हवे असत, कोणाला अमेरिकेला गेलेली मावशी. नवरी कापायला सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

“काकू, तुम्ही सांगा.”

“मला उदयबरोबरचा माझा फोटो हवा,” हेमंतची आई, मनोरमाबाई म्हणाल्या. “बाकी हा म्हणेल तसं.”

उदय त्यांचा धाकटा. कारखान्यात टेक्निशियन होता. लग्नाला पाच महिने झाले आणि काविळीने गेला. त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. बायको असेल तर बायकोला, नसेल तर भावाला. आणि आळशी उदयने लग्नाची नोंद ना ऑफिसात केली होती, ना नगर निगममध्ये. हेमंतला तेवढं पुरे होतं. अर्जात त्याने भावाला अविवाहित करून टाकलं. अल्बम अंगणात जाळला. उदयच्या बायकोला, शालिनीला, साकेत नगरला तिच्या मामाकडे पोचवून दिलं. कॉलनीतले दीडशे लोक त्या लग्नात जेवले होते, पण कारखान्याच्या साहेबांपुढे साक्षीला उभं राहायची वेळ आली तशी सगळ्यांना एकदम कामं निघाली.

उरली होती ही एक डीव्हीडी. ती मोडायची आणि अर्जावर आईची सही घ्यायची, एवढंच बाकी होतं. पण म्हातारी अडून बसली होती. आधी फोटो, मग सही. सून उद्या रस्त्यावर येणार होती आणि हिला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. माणसं अशीही असतात.

पडद्यावर लग्न सरकत होतं. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली. हेमंत मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता.

“थांब,” मनोरमाबाई म्हणाल्या. “हे.”

पाटावर मधोमध त्या बसल्या होत्या, मान खाली घालून. एका बाजूला उदय, दुसऱ्या बाजूला शालिनी.

“यात तर तुमचा चेहरा पण नीट नाही येत, काकू. पुढे रिसेप्शनचा मस्त सीन आहे, उदयभैया हसतोय.”

“हेच हवं. जरा पुढे घे.”

गोपीनाथ एकेक फ्रेम पुढे नेऊ लागला. एका सेकंदात पंचवीस फोटो असतात. म्हातारी खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली.

“पुढे. अजून पुढे. अहं, गेलं. एक मागे.”

“यात भैयाचे डोळे बंद आहेत,” गोपीनाथ म्हणाला. “पुढचा बघा ना, डोळे उघडे आहेत.”

पुढच्या फोटोत उदयचे डोळे उघडे होते, पण व्हिडिओवाल्याच्या दिव्याचा झोत मनोरमाबाईंच्या अंगावर पडून त्यांचे हात पांढरेफटक झाले होते.

“मागचाच.”

हेमंतने फोन खिशात टाकला आणि वाकून पाहिलं. “आई, डोळे मिटलेत त्याचे. मेलेल्या माणसाचा असा फोटो लावतात का?”

“माझा मुलगा आहे. कसा लावायचा ते मी ठरवीन.”

“बरं बाई. गोपी, उजवीकडून काप. अजून आत. तो हिरवा चुडा दिसतोय बघ, तोही घालव.”

चुडा गेला. शालिनी पुरती गेली. उरली आई आणि डोळे मिटलेला मुलगा.

“मोठा कर,” मनोरमाबाई म्हणाल्या. “दहा बाय बारा. लांबून दिसला पाहिजे.”

हेमंतने डीव्हीडी काढून घेतली आणि तिथेच गुडघ्यावर ठेवून मोडली. कॉम्प्युटरवरचंही सगळं पुसून घेतलं. मनोरमाबाई बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यात टिपूससुद्धा आलं नाही. गोपीनाथला त्या बाईचा रागच आला.

संध्याकाळी त्या एकट्याच फोटो न्यायला आल्या. गोपीनाथने पाकीट दोन्ही हातांनी दिलं. दुपारचा राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

“काकू, फोटोतलं मी काही मिटवलं नाही,” तो म्हणाला.

“शहाणा आहेस.”

घरी त्यांनी पाकीट साड्यांच्या खाली ठेवलं. हेमंतने ते उघडूनही पाहिलं नाही. भावाचं तोंड बघायची त्याला हौस नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते कारखान्याच्या ऑफिसात गेले. साहेबांच्या टेबलासमोर भिंतीलगतच्या बाकावर शालिनी मामाशेजारी बसली होती. तिच्याजवळ कागद नव्हता, फोटो नव्हता, साक्षीला कोणी नव्हतं. तिने सासूकडे पाहिलं. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही.

“माताजी, यहाँ साइन कर दीजिए,” साहेब म्हणाले. “कि उदय की शादी नहीं हुई थी।”

हेमंतने पेनचं टोपण काढून दिलं. मनोरमाबाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि पिशवीतून पाकीट काढलं.

“आई, फोटो कशाला आणलास इथे?”

“तू गप्प बस. आजवर तू बोललास, मी ऐकलं.” त्यांनी फोटो साहेबांपुढे सरकवला. “साइन बाद में. पहले ये देखो, साहब. चश्मा लगाके.”

साहेबांनी चष्मा लावला. “आप हैं और बेटा है। इसमें क्या देखूँ?”

“मेरा मुँह मत देखो. मेरे हाथ में देखो.”

साहेब वाकले. मग त्यांनी मान वर करून बाकाकडे पाहिलं आणि पुन्हा फोटोकडे. फोटोतल्या मनोरमाबाईंच्या हातात सूनमुख बघायचा आरसा होता, आणि आरशात, मुंडावळ्यांच्या मधे, समोरच्या बाकावर बसलेल्या शालिनीचा चेहरा.