आधी शेठ, मग नोकर

सकाळी सव्वादहाला दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. ती वाकून आत शिरली आणि म्हणाली, "माशाच्या टाकीसाठी आवाज न करणारा पंप हवाय. परवडेल असा."

"दोन्ही एकत्र?" दुकानदार हसला. "म्हणजे कमावता नवरा हवा, आणि तो मुकाट ऐकणाराही हवा!"

ती हसली नाही. तीन दिवस बाबांनी धड घास घेतला नव्हता.

चार वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली. तेव्हापासून त्यांचा दिवस खिडकीजवळच्या काचेच्या टाकीशीच सुरू होई आणि तिथेच संपे. टाकीतला मासा आईने जाण्याआधी आणलेला. बाबा त्याला शेठ म्हणत. दुपारी साडेबाराला ते स्वतःच्या हाताने दाणे टाकायचे. शेठ वर येऊन दाणा उचलायचा तेव्हा पाण्यावर बारीकसा आवाज व्हायचा, टप्. तो ऐकल्याशिवाय बाबा ताटाला हात लावत नसत. "आधी शेठ, मग नोकर," असा त्यांचा कायदा.

गेल्या आठवड्यात पंप घरघरू लागला. मग खडखडू लागला. त्या खडखडाटात दाणे पडल्याचंसुद्धा कळेना.

"पात्याचा दांडा झिजलाय," बाबांनी खुर्चीतूनच निदान केलं. उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला. बिघाड त्यांना कानांनी दिसायचा.

"शेठ जेवला, बाबा. मी बघितलं ना."

"तू बघितलंस. मी कुठे ऐकलं?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "नवा पंप आण. मुकाट्याने चालणारा. मला एकदा नीट ऐकू दे."

दुकानदाराने तीन पंप काढले आणि पाण्याच्या बादलीत एकेक करून चालवून दाखवले. पहिला स्वस्त होता, पण बादलीसकट गुरगुरत होता. तिसऱ्याचा आवाजच नव्हता. किंमत ऐकून तिचाही आवाज गेला.

"मधला घ्या," तो म्हणाला. "आणि खाली स्पंजचा तुकडा ठेवा. खरं तर आवाज पंपाचा नसतो, काचेचा असतो. थरथरतो एक, बोंबलते दुसरी. आमच्या घरी तेच चालतं."

तिने बादलीजवळ बसून कान लावला. मग बोटाचं टोक पाण्यावर टेकवलं आणि झटकन उचललं. टप्.

"ऐकू आलं?"

"आलं की."

"तिथून? दोन हातांवरून?"

"अहो बाई, आलं म्हटलं ना. पंप घेताय की तबला?"

"हाच द्या."

खोक्यात पंप भरताना त्याने विचारलं, "पाणी गढूळ झालंय का? पंप बिघडला की घाण साचते."

"नाही. स्वच्छ आहे."

"मग नशीबवान मासा. केवढा आहे?"

तिने हात पसरून वीत दाखवली, आणि लगेच हात खाली घेतला.

"एकटाच? जोडीला घेऊन जा एखादा. कालच नवे आलेत."

ती नव्या माशांच्या टाकीसमोर बराच वेळ उभी राहिली. सगळे अर्ध्या बोटाएवढे. "वीतभर नाही मिळणार?"

"वीतभर व्हायला वर्षं जातात. असा तयार मिळत नसतो तो."

घरी पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. शिवणयंत्रावर कालपासून अर्धवट राहिलेला झगा तसाच पडला होता. तिने आधी टाकी हाती घेतली. जुना पंप काढला, स्पंज ठेवला, नवा बसवला, बटण दाबलं. पाणी हललं. आवाज झाला नाही. इतक्या दिवसांनी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"लागला?" बाबांनी विचारलं.

"लागला. ऐका."

"काय ऐकू? काहीच नाही."

"तेच ऐका."

बाबा हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

साडेबाराला त्यांनी खुर्ची टाकीला भिडवली आणि दाण्यांचा डबा मांडीवर घेतला. ती नेहमीसारखी टाकीच्या दुसऱ्या बाजूला, स्टुलावर बसली. बाबांनी चिमूट सोडली.

टप्.

बाबांनी मान कलती केली. रेडिओच्या पोटातली सैल तार शोधताना करायचे, तशीच. आणखी दोन दाणे टाकले.

टप्. टप्.

"आला बघा," ती म्हणाली. "भूक लागली होती शेठला."

बाबांनी पुन्हा डब्यात बोटं घातली. अजून एक दाणा. पुन्हा टप्. मग डब्याचं झाकण लावलं.

"ताट आण."

ती जवळजवळ पळतच आत गेली. सगळं गरम होतं. तिने ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांचा हात धरून ताटाच्या कडेला लावून दिला.

बाबांनी तिचा हात सोडला नाही. एकेक बोट चाचपत ते तर्जनीपाशी थांबले. सुयांनी खरबरीत झालेलं ते टोक ओलं होतं. खिशातून रुमाल काढून त्यांनी ते हळूच कोरडं केलं.

"शेठला कुठे पुरलंस," त्यांनी विचारलं, "तेवढं सांग."