दगडाला दही

"नाव सांगा, आपा."

सानोबरच्या ओसरीवर मामुर उस्ताने छिन्नी दगडाला टेकवली आणि तो थांबला. सानोबर टीव्हीकडेच बघत होती. शेवटी इल्खोमच म्हणाला, "तुर्सुन. तुर्सुन लिहा."

"तुला नाही विचारलं. आईला विचारलं."

उस्ताचा हा जुना हट्ट. चाळीस वर्षं थडग्यांचे दगड घडवले, पण घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक अक्षर कोरलं नाही. इल्खोम काही घरचा नव्हता, गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवायचा. तोही टीव्हीकडे बघू लागला.

टीव्हीवर ताश्कंदचा सामना चालू होता. सतरा वर्षांखालच्या पोरांची आशियाई स्पर्धा, उपांत्य फेरी. अकरा नंबरचा शर्ट घालून सानोबरचा मुलगा पळत होता. शर्टाच्या पाठीवर नाव होतं जाव्लोन.

जाव्लोन तिचा धाकटा. तो तिसऱ्या वर्षी गोवराने गेला, त्याला तेरा वर्षं झाली. पळत होता तो थोरला, तुर्सुन, वय अठरा. धाकट्याच्या मरणाची नोंद करायला तेव्हा कुणी तालुक्याला गेलंच नव्हतं, म्हणून त्याचा जन्मदाखला कोरा करकरीत राहिला होता. इल्खोमने तो थोरल्याला लावला आणि पोर दोन वर्षांनी लहान झालं. वय ठरवायला मनगटाची हाडं तपासतात, त्यातसुद्धा निभावलं. लहानपणी दूध मिळालं नाही, हाडं मागे राहिली होती. सानोबरला एके काळी त्याचीच लाज वाटायची.

पण परवा हरलेल्या संघाने तक्रार केली, की खेळतोय तो थोरला भाऊच आहे. उद्या सकाळी तीन माणसं गावात येणार होती, थोरला खरंच मातीत आहे का ते बघायला. त्याच्या मृत्यूचा दाखला इल्खोमने पैदा केला होता. दगड तेवढा राहिला होता.

"जाव्लोनच्या डोक्याशी तेरा वर्षं नुसती तुतीची काठी आहे," सानोबर म्हणाली. "आज त्याला दगड मिळतोय, तर त्याचं स्वतःचं नाव नको का?"

"आपा, असं काय करता! पकडला गेला तर जन्मात मैदानावर पाय नाही ठेवता येणार त्याला. त्याच्यापायी संघातली बाकीची बावीस पोरं घरी बसतील."

"आणि तू तुरुंगात बसशील," उस्ता म्हणाला.

"हो, बसेन! मीपण बसेन. झालं समाधान?"

सानोबरने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "तुर्सुनच्या आधी दोन गेले माझे. हा तरी राहू दे, म्हणून सासूने त्याचं नाव तुर्सुन ठेवलं. राहू दे म्हणून ठेवलेलं नाव मी थडग्यावर घालू? कुठल्या तोंडाने?"

"दगडावर नाव जातंय, आपा. पोर नाही जात," इल्खोम म्हणाला.

तेवढ्यात टीव्हीवर एकच गलका उठला. अकरा नंबरने डावीकडून आत घुसून चेंडू जाळ्यात मारला होता. समालोचक जाव्लोन, जाव्लोन म्हणून घसा फोडत होता. सगळी पोरं त्याच्या अंगावर पडली. ढिगाऱ्यातून त्याचं तोंड बाहेर आलं, माती लागलेलं, हसणारं. सानोबर बघत राहिली. तो घरी कधी असा हसला नव्हता. हसण्यासारखं घरात होतं तरी काय!

"तुर्सुन," ती म्हणाली. "लिहा. तुर्सुन."

उस्ताने हातोडी उचलली. "एक सांगतो, राग मानू नका. एकदा कोरलं की पुन्हा त्या नावाने पोराला हाक मारू नका. माझा बाप म्हणायचा, थडग्यावरच्या नावाने हाक मारली की माती ओ देते."

सामना संपेपर्यंत त्याने नाव कोरलं, जन्माची तारीख कोरली. मरणाची तारीख सानोबरने सांगितली, जाव्लोनचीच, आणि तीही कोरली. मग त्याने घरातून दह्याचं भांडं आणि चुलीची काजळी मागवली. नवा दगड आंधळ्यालाही कळतो. दही, काजळी आणि माती कालवून चोळली की सकाळपर्यंत तेरा पावसाळे बघितल्यासारखा दिसतो. खोटेपणालाही कारागीर लागतो. सानोबर दगडाशेजारीच बसून राहिली. कबरस्तानात बायका जात नाहीत, तिला तो दगड इथेच काय तो बघायला मिळणार होता.

फोन वाजला. ताश्कंदहून.

"आई! पाहिलंस?"

"पाहिलं."

इल्खोमने दुरूनच हाताने खूण केली, नाव घ्या, नाव घ्या. पोराच्या आजूबाजूला माणसं असणार.

"पाहिलं रे जाव्लोन," ती म्हणाली.

पलीकडे दार लागलं. नळाचं पाणी पडल्याचा आवाज. मग पोर हळू आवाजात बोललं.

"आई, मी न्हाणीत आहे. दार लावलंय, इथे कुणी नाही. आठ महिने झाले, सगळे मला जाव्लोनच म्हणतात. आता झोपेतसुद्धा मी त्याच नावाला उठतो. तू तरी एकदा माझ्या नावाने हाक मार ना."

उस्ता तळव्याने दही पसरत होता. पहिलं अक्षर झाकलं गेलं होतं, बाकीची अजून पांढरी दिसत होती.

सानोबरने फोन दगडापासून दूर, दुसऱ्या कानाला नेला.

"आई?"

"जेवलास का?" तिने विचारलं.