बाबांचा ऑसिलोस्कोप

आईच्या ऑक्सिजन मशीनमधला एक कपॅसिटर फुगून गेला आणि मशीन बंद पडलं. जोडीला ठेवलेल्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता, आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाले नुसतं "निघालोय, निघालोय" म्हणत होते.

लहानपणी बाबांसाठी टॉर्च धरून धरून लेकीला एवढं नक्की कळत होतं, की जुन्या यंत्रातला धडधाकट कपॅसिटर काढून दुसरीकडे डकवता येतो. पण बाबा गेल्यावर त्यांची सगळी यंत्रं तिनेच भंगारात घातली होती. उरला होता तो फक्त विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा अवजड ऑसिलोस्कोप. आईकडे पाठ करून ती जमिनीवर बसली आणि स्क्रू काढू लागली. झाकण हातातून निसटून खणकन आपटलं.

आईने डोळे उघडले. "बापाच्या वरताण आहेस," ती धापा टाकत म्हणाली. "घर डोक्यावर घेतल्याशिवाय... काही उघडता येत नाही."

"बोलू नकोस गं आई. दोन मिनिटं. कपॅसिटर मिळाला की तुझं मशीन लगेच सुरू करते."

आत मोठ्या कपॅसिटरच्या जागी नुसती दोन भोकं होती, सोल्डर अगदी सफाईने काढून घेतलेलं. तिने दुसरं सर्किट पाहिलं, तिसरं पाहिलं. तीच गत.

"कुठला उघडलास? तो पडद्याचा?" आईने विचारलं.

"हो."

"त्यात काय मिळणार, बाळा? त्यातलं होतं नव्हतं ते सगळं तुझ्या बाबांनी केव्हाच माझ्या मशीनला लावलंय."