दोन्ही हातांचा गजर

या, जरा पुढं सरकून बसा. परतूरच्या एका दवाखान्यात घडलेली गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

द्वारकाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. टाके निघाले, पाय सरळ झाला, पण वॉकर काही सुटेना. तो सुटल्याशिवाय घरचे मेंढरांमागं जाऊ देणार नव्हते, आणि जन्मभर मेंढरांमागं चाललेल्या बाईला खाटेवरचा दिवस सरता सरत नव्हता.

व्यायाम करून घेणारी स्वरा म्हणाली, "आजी, आज सोडायचा बरं का."

"अन् पडले तं?"

"मी आहे ना!"

"तू काडीएवढी. माझ्याखाली सापडलीस तं तुलाच वॉकर लागंल."

व्यायामाला ठेका म्हणून खोलीत वरातीतलं गाणं धडधडत होतं. "ह्याच्यावर माझा पाय उचलत न्हाई, माय," द्वारकाबाई म्हणाल्या. स्वरानं ते बंद करून मोबाईलवर कीर्तन लावलं.

मृदंग घुमला तसं पाऊल बराबर ठेक्यात पडू लागलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. मुठी मात्र वॉकरवर तशाच आवळलेल्या.

आणि कीर्तनातल्या महाराजांनी पुंडलिकाच्या नावाचा गजर केला. गजराला एक हात वर करून कसं चालेल? द्वारकाबाईंचे दोन्ही हात वर गेले. डोळे मिटले. स्वरानं पायानंच वॉकर हळूच बाजूला सारला. टाळ वाजत होते, द्वारकाबाई चालत होत्या.

"ए, तिचा वॉकर..." भिंतीपाशी उभे असलेले त्यांचे मालक म्हस्कूबाबा ओरडणार, तोच स्वरानं डोळ्यांनीच त्यांना दटावलं.

सात पावलं झाली. गजर थांबला, डोळे उघडले. द्वारकाबाईंनी आधी आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग मागं राहिलेल्या वॉकरकडं. पदर सावरून त्या ताठ उभ्या राहिल्या. समोर म्हस्कूबाबांचे पाय लटलटा कापत होते.

"अवं, तुम्हीच घ्या तो," त्या म्हणाल्या. "पडताल न्हाई तं."

आता एवढंच मागणं आहे. कधी कीर्तनात तुमचे हात वर गेले, तर त्या काडीएवढ्या स्वराची आठवण काढा. ती सातही पावलं तिचे दोन्ही हात आजींपासून वीतभर अंतरावर होते, आणि एकदाही लागले नाहीत.