निळा शेला

पिंपळाच्या फांदीला बांधलेला निळा शेला नाहीसा झाला होता, आणि मोहरीच्या शेतांपलीकडे धूळ उठली होती.

सरहिंदचा किल्ला पडल्यापासून खालशाचे शीख स्वार रात्रंदिवस दौडत होते. ज्या गावात ज्याची वस्तू आधी पडेल, ते गाव त्याचे. कोणी म्यान टाकत होता, कोणी जोडा, कोणी अंगरखा. काल दरगाहा सिंगाने कमरेचा शेला सोडून पिंपळाला बांधला आणि खोगिरावरूनच सांगितले, "पिकातला वाटा माझा. दुसऱ्या कुणी हात लावला, तर त्याची माझ्याशी गाठ." शेजारच्या गावात मात्र एकाच विहिरीवर दोन स्वारांच्या वस्तू निघाल्या होत्या. तिथला धूर अजून दिसत होता.

"कुणी काढला?" चौधरी लखमीरने विचारले.

पारापाशी सगळे गाव जमले होते. भिंतीला टेकून बसलेल्या राजीने ओढणी कपाळावर पुढे ओढली.

"मी काढला, चाचाजी."

"आण इकडे."

"पोराला गुंडाळला."

तिचे मूल पहाटे तापात गेले होते. गेल्या हिवाळ्यात किल्ल्यातल्या शिपायांनी घरोघरच्या गोधड्यासुद्धा नेल्या होत्या. त्यांच्याबरोबर वेठीला नेलेला तिचा नवराही परतला नव्हता.

"घरात धड चिंधी नव्हती," राजी म्हणाली. "ही ओढणी होती. पण ती दिली असती, तर तुमच्यापुढं उघड्या डोक्यानं कशी आले असते?"

चौधरी म्हाताऱ्या बंताकडे वळला. "खड्डा तूच खणलास ना? शेला दिसला नाही तुला?"

"दिसला."

"मग?"

"मग काय? पोराला उघडं करू?" बंता जमिनीकडे पाहत म्हणाला. "म्हटलं, येईल तो स्वार तेव्हा येईल."

स्वार आलाच. त्याच्या डोक्याला पगडी होती, कमरेला कच्छा आणि तलवार. बाकी अंग पौषातल्या वाऱ्यात उघडे होते. एका पायात जोडा होता, दुसरा पाय रिकिबीत काळानिळा पडला होता.

"राज्य करायला निघालेत, आणि अंगात सदरा नाही," बंता पुटपुटला.

"ऐकू आलं, बाबा," स्वार म्हणाला. "निघालो तेव्हा नवरदेवासारखा सजलो होतो. गावं मिळत गेली, कपडे जात गेले. मूठभर बदाम असले तर द्या."

खालशाचे लोक चण्यांना बदाम म्हणतात, हे गावात सर्वांना ठाऊक होते. चौधरीने स्वतः ओंजळ भरून चणे आणले. स्वाराने ते खोगिरावर बसूनच खाल्ले.

"गाव कुणाचं?"

"दरगाहा सिंगाचं, सरदारजी."

"खूण?"

चौधरीची नजर रिकाम्या फांदीकडे गेली. स्वार हसला. "आज जिथं जावं तिथं गाव कुणाचं तरी असतं. खूण विचारली, की सगळे आभाळाकडे बघतात." त्याने वाकून पायातल्या उरलेल्या जोड्याला हात घातला.

"खूण आहे," चौधरी घाईने म्हणाला. "जमिनीत आहे." आणि मग त्याला सगळे सांगावे लागले.

स्वाराचा हात जोड्यावरून हलला नाही. "मेलेल्या पोरांच्या शपथा मी पुष्कळ ऐकल्यात, चौधरी. खोट्याही ऐकल्यात. दाखवा."

गावाबाहेर बाभळीखाली मातीचा लहानसा उंचवटा होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून त्यावर काट्यांच्या फांद्या रचल्या होत्या. बंताने त्या बाजूला केल्या आणि कुदळ उचलली.

"कुदळ नको," राजी म्हणाली. "लागेल त्याला."

तिने हातांनी माती काढायला सुरुवात केली. माती अजून सैल होती. थोड्याच वेळात निळे कापड दिसले आणि त्याच्या कडेचा पिवळा काठ. ती तिथेच थांबली. पुढची माती तिने काढली नाही, आणि कोणी काढायला सांगितलेही नाही.

स्वार घोड्यावरून उतरला. जवळ येऊन त्याने काठ पाहिला, आणि डोळे दुसरीकडे वळवले.

"दरगाह्याचाच आहे," तो म्हणाला. "झाक, बीबी."

तो परत घोड्यावर बसला. सैल झालेला जोडा त्याने पायात नीट चढवला. चौधरीच्या शेजारून जाताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या मागं आणखी जथे आहेत. सगळेच उतरून बघतील असं नाही. खूण दिसेल अशी ठेवा."

टापांचा आवाज शेतांत विरून गेला. राजी माती परत लोटू लागली. चौधरी तिच्यामागे उभा होता. त्याने पगडी सारखी केली.

"राजी..." एवढेच तो शेवटी म्हणाला.

राजीचे हात थांबले. स्वाराचे बोलणे तिनेही ऐकले होते. मग तिने शेल्याचे एक टोक चिमटीत धरून हळूच वर ओढले, हातभर बाहेर काढले, आणि बाकी सगळी माती सारखी केली.

"तोंड झाकलेलं राहिलंय त्याचं," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "मी बघूनच ओढलं."

बाभळीच्या फांद्या तिने पुन्हा रचल्या, आणि ते टोक सगळ्यात वरच्या काट्याला बांधले. वाऱ्याने ते फडफडू लागले, तशी आतून काही हलेल या भीतीने तिने ते मुठीत घट्ट धरले.

मोहरीपलीकडे पुन्हा धूळ उठली. राजीने मूठ सोडली.