रंगपेटी
"ही रंगपेटी तुझ्याकडं ठेव. मी शूटिंगला गेले असं भाचा म्हणाला, तर खोटं समज," शेजारच्या कस्तुरामावशी म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. चाळीस वर्षं नाटक-सिनेमात गाजलेल्या मावशींनी पुरस्काराच्या भूमिकेलाही स्वतःचा चेहरा याच पेटीतून रंगवला. तिच्याशिवाय सेटवर पाऊल टाकत नसत. आम्ही शिरूर सोडून दौंडला आलो, आणि तिकडं भाचा मावशींच्या घरात राहायला आला. आज मावशींचा फोन त्यानंच उचलला. "आत्या शूटिंगला गेल्यात, वहिनी." "आणि रंगपेटी?" तो म्हणाला, "व्हय, नेली की संगं." पेटी माझ्यासमोर आहे, बाळाच्या पाळण्याखाली. नवरा कुरकुंभला शिफ्टवर आहे, बाळ तापानं फणफणलंय. मला निघता येत नाही. तुम्ही शिरूरला असाल, तर त्यांच्या नदीकाठच्या घराचं दार वाजवा. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज ऐकल्याशिवाय परतू नका.